न झिजलेली टाच

दुसरा शनिवार, म्हणजे बँक बंद. सॅण्डलचा पट्टा महिनाभर सेफ्टी पिनेवर तग धरून होता, तो एकदाचा शिवून घ्यावा म्हणून स्टेशनवर गेले. डोंबिवली पूर्वेला पुलाच्या जिन्याशी बसणारे चपलावाले काका मला बावीस वर्षं ओळखतात. म्हणजे माझ्या पायांना ओळखतात, चेहऱ्याकडे ते फारसे बघत नाहीत. त्यांनी सॅण्डल घेतली, पिन काढून बाजूला ठेवली, आरीने दोन भोकं पाडली, मेण लावलेला दोरा ओवला. शिवण झाल्यावर सवयीने सॅण्डल उलटी केली, टाचेवरून अंगठा फिरवला आणि थांबले. पुन्हा फिरवला. “नवी आहे का?” “नाही हो, मागच्या दिवाळीतली.” “वापरत नाही वाटतं.” “रोज वापरते. ऑफिसला हीच.” तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. “सोल तर कोरा आहे, ताई. तुमची डावी टाच बाहेरून बसते. दर चार महिन्यांनी तुकडा लावून द्यायचो मी. आजारी होता का?”

मी “छे हो” म्हणून हसले, वीस रुपये दिले आणि रिक्षात बसले. रिक्षा सुरू झाल्यावर लक्षात आलं की घर इथून वीस मिनिटांवर आहे, हातात पिशवी नाही, ऊन नाही, घाई तर नाहीच नाही. मग बसले कशाला? उतरायची लाज वाटली म्हणून बसून राहिले. घरी येऊन चहा टाकला, तरी ते “आजारी होता का” काही डोक्यातून जाईना. आपल्याकडे म्हणतात, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. ही म्हण ज्याने केली त्याच्या डोळ्यांपुढे तंबाखू असणार, नाहीतर सासू. चालण्यासारखी चांगली खोड असती डोळ्यांपुढे, तर त्याने असं लिहिलं नसतं. माझी बावीस वर्षांची खोड एका कागदावर गेली. त्या कागदाला आमच्याकडे ट्रान्सफर ऑर्डर म्हणतात.

जून २०२४ मध्ये फोर्टच्या ऑफिसातून माझी बदली डोंबिवलीच्या शाखेत झाली. ऑर्डर आली त्या दिवशी लेडीज डब्यात पेढे वाटले गेले, ते मी आणलेले नव्हते, ग्रुपने आणले. “सुटलीस बाई,” असं सगळ्या म्हणाल्या. एकीने तर हात हातात घेऊन, सासर सोडून माहेरी चाललेल्या बाईला म्हणावं तसं म्हटलं. खरंच सुटले होते. त्याआधीचा दिवस असा असे : पाच वाजता उठायचं, दोन डबे, सव्वासातला घराबाहेर. घरापासून स्टेशन वीस मिनिटं, तीही फणफणत. कारण रिक्षाच्या रांगेत उभं राहिलं तर सात बावन्न गेलीच. पुलाचा जिना वर, जिना खाली. मग सीएसएमटीपर्यंत अठ्ठेचाळीस किलोमीटर, त्यातलं निम्मं उभ्याने, उरलेलं चौथ्या सीटवर म्हणजे अर्धं बूड हवेत ठेवून; बसणं म्हणायचं ते केवळ समाधानासाठी. सीएसएमटीला बारा डब्यांच्या गाडीच्या पार शेपटापासून तोंडापर्यंत चालत यायचं, सबवे, मग डी. एन. रोडच्या कमानींखालून हुतात्मा चौकाकडे आणि तिथून हॉर्निमन सर्कलच्या बाजूला आमची इमारत. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट जाळीच्या दाराची, चार माणसांची, आणि चौथा माणूस आत शिरला की ती कण्हायची. मस्टर लाल व्हायला दोन मिनिटं उरलेली असताना कोण तिच्यासाठी थांबणार? तीन मजले चढायचे. संध्याकाळी हेच सगळं उलट्या क्रमाने. ह्या कशालाही मी कधी व्यायाम म्हटलं नाही. कुणी “व्यायाम करता का” विचारलं तर मी मान खाली घालून सांगायचे, “छे, वेळच नाही मिळत.”

आता दुरून त्या दिवसांना सोन्याचा मुलामा द्यायचा मोह होतो, म्हणून तेव्हाचं दुसरंही लिहून ठेवते. सकाळी पाणी बेताने प्यायचं, कारण सव्वा तास कुठे जाता येत नाही आणि स्टेशनवर जाण्यासारखं नसतं. त्यापायी मला दोनदा लघवीचं इन्फेक्शन झालं. झोप साडेपाच तास, रविवारी ती भरून काढायची म्हणून रविवार मातीत. खांदा पर्सच्या ओझ्याने आणि वरचा दांडा धरून कायमचा धरलेला. आणि भीती. ती बोलून दाखवायची पद्धत नव्हती. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दाराशी लटकलेली माणसं गाडीतून खाली पडली, काही गेली, तेव्हा मी शाखेत काउंटरवर होते. मोबाईल वाजायला लागला. ग्रुपवर एकेकीचं “मी ठीक आहे” येत होतं, आणि मी काउंटरपलीकडच्या माणसाला “सही इथे करा” म्हणत होते. सगळ्यांचं आल्यावर मी आत जाऊन पाणी प्यायले. गाडी सुटली ह्याचं दुःख करणाऱ्या बाईने त्या दिवशी जो सुस्कारा टाकला, तोही खोटा नव्हता.

नवा दिवस फार सुखाचा निघाला. सहाला उठायचं, मग साडेसहा, मग सात. नवरा त्याच्या ऑफिसला जाताना स्कूटरवरून शाखेशी सोडतो, सात मिनिटं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यातली बहुतेक वर्षं सकाळी आम्ही एकमेकांना पाठमोरे बघितलं. आता सात मिनिटं त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसते. तो सिग्नलला मान वळवून काहीतरी सांगतो, हेल्मेटमुळे निम्मं ऐकू येत नाही, मी “हं” म्हणते. पूर्वी सकाळी गाडीत ग्रुपबरोबर एक पोळी-भाजी खायची आणि मग दीडला डबा. मधे काही नाही, कारण मधे काही मिळायचं नाही. इथे निघताना गरम पोहे, साडेअकराला शाखेतला चहा, आणि चहाबरोबर कुणाचं ना कुणाचं काहीतरी. नातू झाला, फ्लॅटचं कर्ज मंजूर झालं, मुलगी बारावी झाली : डोंबिवलीकर बँकेत पेढे घेऊन येतो, ही ह्या गावाची चालच आहे. नाही म्हटलं तर तोंड उतरतं त्यांचं. जेवायला गर्दी सरेपर्यंत अडीच. तोवर भूक मरते, मग चारला ती उठून बसते आणि ड्रॉवरमध्ये फरसाण असतंच. साडेसहाला मी घरी. इतक्या लवकर घरी आल्यावर काय करायचं असतं हे मला माहीत नव्हतं, म्हणून खात होते.

आणि कुठेही काही बिघडल्यासारखं वाटत नव्हतं.

चपलावाल्या काकांनंतर आठवड्याने मी रक्त तपासून घेतलं. तसं ते दरवर्षी करते, ह्या वेळी दोन महिने आधी केलं एवढंच. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, फोर्टच्या शेवटच्या वर्षी ५.८ होती. तीही काही शहाण्यासारखी नव्हे; पण डॉक्टर म्हणाले होते, लक्ष ठेवा. आता ६.६. साडेसहाची रेघ ओलांडली की नाव बदलतं, मधुमेह होतं. डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, “काय बदललं?” मी म्हटलं, “काही नाही, उलट धावपळ कमी झाली.” ते म्हणाले, “तेच विचारतोय.” घरी आल्यावर मुलीने माझा फोन घेतला. त्यात पावलं मोजली जातात हे मला ऐकून माहीत होतं. ती कुणी वाचतं हे माहीत नव्हतं. तिने बोटाने मागे-मागे सरकवत नेलं. २०२३, एका रांगेत उभे खांब, रोजचे नऊ हजार, साडेनऊ, रविवारी एक बुटका. असं चाललंय, चाललंय, आणि जून २०२४ मध्ये सगळे खांब गुडघ्याएवढे. अडीच हजार, बावीसशे. “आई, हा तर कोकणकडा आहे गं,” ती म्हणाली. मी चष्मा लावून बघत राहिले. उतार असता तर समजलं असतं, माणूस हळूहळू आळशी होतो, वय होतं. इथे एका सोमवारी नऊ हजार आणि पुढच्या सोमवारी अडीच. बाई तीच, गुडघे तेच, इच्छाशक्ती काय असेल ती तेवढीच. फक्त सात बावन्नची गाडी वजा.

मग सुरू झालं माझं आरंभशूरपण. ते मी थोडक्यात सांगते, कारण त्यात नवीन काही नाही आणि वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तेच बूट विकत घेतलेले आहेत. पहाटे मैदानावर फिरायला गेले : अकरा दिवस. मग पाऊस. पाऊस गेल्यावर गणपती. ऑनलाइन योगा लावला. बाई छान शिकवायच्या, पण दर पाच मिनिटांनी कुकरची शिट्टी व्हायची आणि शवासनात मी मोजत पडायचे, दोन झाल्या की तीन. मुलगी म्हणाली, एकवीस दिवस रेटलं की सवय लागते. एकवीस दिवसांवर माझा विश्वास आधीपासून नव्हता, कारण नव्याचे नऊ दिवस ही आपल्याकडची मोजणी जास्त प्रामाणिक वाटते. तिनेच मग शोधून काढलं की लंडनच्या एका विद्यापीठात हे खरोखर तपासलं गेलंय. २०१० साली छापून आलेल्या त्या अभ्यासात ९६ जणांनी एकेक साधी गोष्ट रोज करायची ठरवली होती, कुणी जेवणाबरोबर फळ, कुणी पाणी, कुणी पळणं. ती गोष्ट आपोआप घडू लागायला सरासरी सहासष्ट दिवस लागले. पण नेमकं बघितलं तर कुणाचे अठरा आणि कुणाचे दोनशे चोपन्न असा अंदाज निघाला. “बघ,” मुलगी म्हणाली, “तू दोनशे चोपन्नवाली असशील.” एक गोष्ट मात्र बरी होती त्यात : एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. आणि प्रत्येकाला सांगितलेलं होतं की गोष्ट कशाला तरी बांधा, न्याहारीनंतर, जेवणाआधी, असं. मी पहाटेचं चालणं कशाला बांधलं होतं? गजराला. आणि गजर तर अंगठ्याने मरतो.

ह्या सगळ्यात मला बाबा आठवत होते. आठवायचं कारण तुम्हाला गंमतीचं वाटेल : त्यांची खाकी पँट.

बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, आणि बरीच वर्षं डबलडेकरवर. लालबागच्या आमच्या चाळीत त्यांच्यासारखा काटक माणूस दुसरा नव्हता. आई म्हणायची, हँगरला कपडे घालून पाठवतेय असं वाटतं. आठ तास उभ्याने. बस पळत असताना, दांड्याला मांडी टेकवून, एका हातात तिकिटांची पेटी आणि दुसऱ्यात पंच. टकटक, टकटक. घरी पेपरसुद्धा ते उभ्याने वाचायचे, दाराच्या चौकटीला मांडी टेकवून. चाळ हलली तर तोल जाऊ नये म्हणून असेल. त्यांचे ड्रायव्हर मित्र घरी यायचे ते पोटासकट. बाबा त्यांची चेष्टा करायचे, “स्टिअरिंग ह्याच्या पोटातून उगवलंय.” १९९६ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी बाबा निवृत्त झाले. कौतुक झालं, घड्याळ मिळालं, ते खुर्चीत बसले. सव्वा वर्षाने मावसभावाच्या लग्नाला घालायला म्हणून त्यांनी ट्रंकेतली चांगली पँट काढली आणि ती कमरेला चार बोटं कमी पडली. आई म्हणाली, “आटली असेल.” बाबा म्हणाले, “ट्रंकेत?” रोज युनिफॉर्म घालत होते तोवर पँट त्यांना रोज सांगत होती. लेंगा काय, नाडीवाला. तो कुणालाच नाही म्हणत नाही.

अलीकडे वाचताना मला कळलं की पँटवरून माणसाचं हृदय ओळखायचा हा उद्योग फार आधीच होऊन गेलाय. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास करून १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं : त्याच बस, तीच गल्ली, तोच पगाराचा वर्ग, पण ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त आणि कंडक्टरांना कमी. कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढायचे, ड्रायव्हर बसून. १९५६ मध्ये त्याच मंडळींनी पुन्हा लिहिलं, ह्या वेळी चक्क युनिफॉर्मच्या मापांवर. ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला मोठ्या निघाल्या. त्यातून उलटी शंकाही आली, की मुळात अंगाने भारी माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? मला ही शंका आवडली, बाबांना आणखी आवडली असती. आमच्या डबलडेकरवर दोन कंडक्टर असत, एक खाली, एक वर. तेव्हा बाबांच्या पायऱ्या काही लंडनएवढ्या भरल्या नसणार. पण वाचताना मी थांबले ते दुसऱ्याच गोष्टीवर. त्या कंडक्टरांपैकी एकानेही पायऱ्या चढायचं ठरवलेलं नव्हतं. वर प्रवासी होते, म्हणून ते वर गेले.

त्या लग्नानंतर बाबांनी काय केलं ते मी तेव्हा पाहिलं होतं, समजलं नव्हतं. आमच्या चाळीच्या खालीच दूध मिळायचं. बाबांनी एके दिवशी जाहीर केलं की तिथलं दूध पातळ असतं, आणि ते एल्फिन्स्टनच्या पुलावरून पलीकडे, प्रभादेवीच्या बाजूला दूध आणायला जाऊ लागले. दूध तेच होतं, त्याच पिशव्यांतलं. आई वैतागायची, “अहो, चहाला आठ वाजतात.” मग हळूहळू त्यांनी शेजारच्या दोन खोल्यांचंही दूध आणायचं अंगावर घेतलं. पुढे लाइटची बिलंही. एकदा पावसात मी माहेरी असताना म्हटलं, “बाबा, आज राहू दे की.” ते छत्री झटकत म्हणाले, “बाय, ड्युटी आहे. खोली नंबर सतराचं पोर दुधावर आहे.” त्यांना फिरायला जायला सांगितलं असतं तर ते गेले नसते, बिनकामाचं फिरणं त्यांना उनाडक्या वाटायच्या. म्हणून त्यांनी स्वतःला रूट लावून घेतला. टर्मिनस टू टर्मिनस. तो पूल २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पाडण्यासाठी बंद केला. तिथे आता दुमजली होणार आहे म्हणतात. डबलडेकर पूल! बाबा असते तर वरच्या मजल्याची ड्युटी मागून घेतली असती.

आमच्या शाखेत एक आजोबा रोज यायचे. अकराच्या आसपास, इस्त्रीचा सदरा, प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक. पासबुक छापायच्या मशीनमध्ये घालायचे. पेन्शन महिन्यातून एकदा जमा होते, त्यामुळे बाकीच्या दिवशी छापायला काहीच नसे. मशीन ते परत बाहेर ढकलायचं. आजोबा ते नीट पुसून, पिशवीत ठेवून, वॉचमनशी दोन शब्द बोलून जायचे. शाखेतली पोरं त्याला प्रदक्षिणा म्हणायची. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू. मग मशीन बंद पडलं. दुरुस्तीला माणूस यायला बारा दिवस लागले. पहिले दोन दिवस आजोबा आले, कागद चिकटवलेला बघून परत गेले. मशीन सुरू झालं तरी ते आले नाहीत. चार-पाच आठवड्यांनी आले ते काठी घेऊन, आणि पायरी चढताना कठडा धरून. मी काउंटर सोडून बाहेर गेले. “बरं नव्हतं का, आजोबा?” “बरं होतं की. यायचं राहूनच गेलं. एकदा राहिलं की राहतं.” त्यांनी पासबुक मशीनमध्ये घातलं, मशीनने परत दिलं. मग मला म्हणाले, “चालू आहे ना? आता बंद नाही ना पडणार?” मी सांगितलं, नाही पडणार. असं सांगायचा मला काहीएक अधिकार नव्हता.

डॉक्टरांनी मला गोळी दिली, ती घेतेय. आणि सांगितलं, जेवल्यावर लगेच बसू नका, दहा-पंधरा मिनिटं चाला, जेवणानंतर चढणारी साखर तेवढ्याने कमी चढते. म्हणजे शतपावली. हे कळल्यावर घरात जो विजयोत्सव झाला तो विचारू नका. नवऱ्याने फॅमिली ग्रुपवर ‘आपले पूर्वज’ ह्या विषयावर काहीतरी टाकलंही. पूर्वजांना माझा विरोध नाही. पण शंभर पावलं म्हणजे आमच्या हॉलमधून स्वयंपाकघरात सहा खेपा, आणि पूर्वजांना दिवसभरात इतर कामं असायची. तरी ती मी करते. गच्चीवर, रात्री नऊला. मला जागं ठेवतो तो गजर नाही, तर वरच्या मजल्यावरच्या काकू. त्यांना एकटीला गच्चीच्या जिन्याची भीती वाटते, त्या दार उघडं ठेवून माझी वाट बघतात. त्यांच्या सुनेच्या तक्रारी साधारण चौदाशे पावलांच्या भरतात. सणासुदीला अठराशे.

सकाळची स्कूटर मी सोडलेली नाही. चालत गेले तर पंचवीस मिनिटं चालणं होईल, हिशोब सोपा आहे, मुलीने करूनही दाखवला. नवरा बिचारा म्हणाला, “तू चालत जा, मी गाडी हळू चालवतो शेजारून.” पण त्या सात मिनिटांचा हिशोब मला फोनवर लावता येत नाही. पेढ्यांचंही पूर्ण जमलेलं नाही. अर्धा मोडून घेते आणि उरलेला शेजारच्या काउंटरवरच्या पोराला देते, जो पंचविशीचा आहे आणि ज्याचं काय होणार आहे ते मला दिसतंय. जेवणाची वेळ मात्र भांडून दीडवर आणली. संध्याकाळी मी बाबांसारखी खोटं बोलले. घरात जाहीर केलं की पूर्वेची भाजी महाग झालीय, मी पश्चिमेहून आणत जाईन. शाखेतून सुटले की स्टेशन, पुलाचा जिना वर, जिना खाली, पलीकडे बाजार, परत. काकूंची पालेभाजीही मीच आणते, आणि खालच्या मजल्यावरच्या, नुकतंच बाळ झालेल्या मुलीची. ती दर दोन दिवसांनी मेसेज टाकते : शेपू मिळाली तर. त्या तीन शब्दांनी मी पाऊस पडत असतानाही निघते. पूर्वी गाडीत मेथी निवडायचे, आता मेथी घेऊन त्याच पुलावर सात बाराच्या गाडीच्या गर्दीच्या विरुद्ध दिशेने चालते. कधी गाडीतून उतरलेली ग्रुपमधली एखादी समोरून येते, घामाने केस चिकटलेली, पर्स पोटाशी धरलेली. “काय गं, तू इथे?” “भाजी.” “मजा आहे बाई तुझी,” असं म्हणून ती माणसांच्या लोंढ्याबरोबर वाहत जाते. मला तेव्हा नेमकं काय वाटतं ते मी पुष्कळदा शोधलं. हेवा नाही, सुटकाही नाही. कधीकधी वाटतं, मागून हाक मारून विचारावं, आज चौथी सीट कुणाला मिळाली?

मध्यंतरी चपलावाले काका जागेवर दिसेनात. स्टेशनच्या आसपास बसणाऱ्यांना उठवलं होतं, तसं ते अधूनमधून होतंच. महिनाभर जिन्याशी ती जागा रिकामी होती, भिंतीवर त्यांच्या पाठीच्या उंचीचा तेलकट डाग तेवढा. गेल्या आठवड्यात पश्चिमेला, बाजाराच्या अलीकडच्या गल्लीत, एका बंद शटरच्या पायरीवर ते बसलेले सापडले. छत्री नवी, पेटी तीच. मला काही शिवायचं नव्हतं, तरी पिशव्या खाली ठेवल्या आणि सॅण्डल काढून दिली. एका पायावर उभं राहून, शटरला हात टेकवून थांबले. त्यांनी तोंडाकडे न बघता ती उलटी केली, अंगठा फिरवला.

“इकडे गिऱ्हाईक कमी आहे,” ते म्हणाले. “पूर्वेची माणसं कोण पूल चढून येतंय चपलेसाठी.”

“मी आले की.”

“तुम्ही भाजीला आलात.” त्यांनी रापीने रबराचा एक लहानसा तुकडा कापला, डाव्या टाचेच्या बाहेरच्या कडेला लावून बघितला, मोठा वाटला म्हणून आणखी कापला. “आत्ता लागणार नाही. महिन्याने लागेल. हा बाजूला ठेवतो. येताना शेपू आणाल का एक जुडी? घरी सांगितलंय, पण इथून उठता येत नाही.”